धारेचं दूध आणि न पिकणारा बिंदू

मला दूध आवडत नाही. कोल्हापुरात जन्मून हे बोलायचं म्हणजे चारचौघांत माहेरची नालस्ती करण्यासारखं आहे, पण खरं ते खरं. त्यातून धारेचं दूध तर नकोच. त्या फेसातून म्हशीच्या अंगाचा वास वर येतो. सहावीत मला चष्मा लागला, तेव्हा त्याचं कारण शोधायला आमच्या घरी डॉक्टरची गरज पडली नाही. "दूध पीत न्हाय, मग दुसरं काय हुणार," असं आण्णा म्हणाले आणि विषय संपला.

आण्णा म्हणजे माझे वडील. गुजरीत एका सराफाच्या दुकानाबाहेर ओट्यावर बसून त्यांनी जन्मभर दागिने गाठवले. सोनार मणी, पानं, वाट्या घडवून देतो; त्या रेशमात ओवून, गाठी मारून त्यांचा साज किंवा मंगळसूत्र करायचं काम आण्णांचं. पायाच्या अंगठ्याला रेशीम अडकवायचं, मान खाली घालायची आणि दोन-दोन तास वर बघायचं नाही. मोहरीएवढा मणी ते बिनचष्म्याचे ओवायचे. सत्तरी उलटल्यावरसुद्धा. आजूबाजूचे कारागीर चाळिशीतच नाकावर काचा चढवून बसलेले, आणि हे मात्र उघड्या डोळ्यांनी. कुणी विचारलं की उत्तर ठरलेलं होतं, "धारंचं दूध. सांच्याला एक ग्लास. खाडा न्हाय."

धारेचं दूध प्यायचा कट्टा आमच्या जुन्या घराच्या कोपऱ्यावरच आहे. बाहेरच्या माणसाला हे सांगितलं तर खरं वाटत नाही. संध्याकाळी गवळी म्हशी घेऊन येतो, कट्ट्याशी उभ्या करतो, आणि तुमच्या डोळ्यांसमोर धार थेट ग्लासात काढतो. तापवणं नाही, गाळणं नाही. वरपर्यंत फेस आलेला तो कोमट ग्लास उभ्यानं प्यायचा, मिशी पुसायची आणि घरी जायचं. त्यात पाणी घातलंय का अशी शंका कुणी घेत नाही. पाणी घालायचं तर म्हशीलाच पाजावं लागेल. आठवीच्या वर्गाला मी दूध का तापवायचं हे शिकवते, आणि माझे वडील शाळेपासून दीड मैलावर रोज कच्चं दूध पितात, हे मी मुलांना कधी सांगितलं नाही.

मी विज्ञान शिकवते. हे पुढं लागणार आहे म्हणून आत्ताच सांगून ठेवते. सातवीच्या फळ्यावर मी गेली कित्येक वर्षं एकच तक्ता काढत आले आहे: अ जीवनसत्त्व, कशातून मिळते, दूध, लोणी, गाजर, पालेभाज्या, कमी पडल्यास, रातांधळेपणा. मुलं वहीत उतरवून घेतात. परीक्षेत दोन गुणांना येतं.

आई गेल्यानंतर आण्णा जुन्या घरात एकटेच राहत होते. मी राजारामपुरीत. शाळा सुटली की दोन-तीन दिवसांआड त्यांच्याकडे जायची, त्यांचं काय हवं-नको बघायची, तिथंच बसून वह्या तपासायची. अशाच एका संध्याकाळी ते कट्ट्यावरून आले, चपला काढता काढता म्हणाले, "दुधानं डोळं चांगलं ऱ्हात्यात न्हवं गं? तुमच्या पुस्तकात हाय न्हवं तसं?"

मी घटक चाचणीचे पेपर तपासत होते. मान वर केली नाही. मी म्हणाले, "हो. अ जीवनसत्त्व असतं त्यात."

बस, एवढंच. कुणाच्या डोळ्यांना, कुठल्या वयात, कुणाला कमी पडत असेल तर, यातलं एक अक्षर मी बोलले नाही. ज्या पोराच्या ताटात भाजी नाही, दूध नाही, त्याच्यासाठी तो तक्ता आहे. दोन वेळा भाकरी-आमटी-भाजी खाऊन वर म्हशीचं दूध रिचवणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला आणखी एका ग्लासानं डोळ्यांत काही भर पडत नाही, हे मला माहीत होतं. परीक्षेत विचारलं असतं तर मी पैकीच्या पैकी मिळवले असते. पण वडिलांनी विचारलं होतं, आणि माझे बावीस पेपर राहिले होते.

दुसऱ्या दिवशी आण्णांनी ते वाक्य कट्ट्यावर नेलं. "माझी पोरगी शाळंत विज्ञान शिकवती. तिनं सांगितलंय. पुस्तकात हाय." गवळ्यानं ते इतर गिऱ्हाइकांना सांगितलं. पुढं कधी मी त्या बाजूनं गेले की तो हसून म्हणायचा, "बाई, तुमच्यामुळं आमचा धंदा वाढलाय बघा." मला त्या वेळी थोडं बरंच वाटायचं. वर्गाबाहेर आपलं कुणी ऐकतंय, हे शिक्षकाला कधीतरीच अनुभवाला येतं.

त्याच वर्षी गणपतीत पेठेतल्या मंडळानं डोळे तपासायचं शिबिर घेतलं. फुकट आहे म्हटल्यावर आण्णा गेले, आणि खरं तर आपले डोळे दाखवून वाहवा मिळवायलाच गेले. परत आले ते एक चिठ्ठी घेऊन. त्यावर लिहिलं होतं, "काचबिंदू? तज्ज्ञांना दाखवणे." काचबिंदूपुढं ठसठशीत प्रश्नचिन्ह होतं.

त्या दिवशी घरी आत्ती आली होती. आत्ती म्हणजे आण्णांची थोरली बहीण, गारगोटीला असते. तिच्या दोन्ही डोळ्यांचा मोतीबिंदू काढलेला, त्यामुळं डोळ्यांच्या बाबतीत तिचा शब्द आमच्यात शेवटचा. तिला वाचता येत नाही. तिनं विचारलं, "काय लिवलंय?"

आण्णा म्हणाले, "बिंदू हाय म्हणं."

"मंग त्याला काय घाबरायचं? बिंदू पिकू दे. पिकल्याबिगार हात लावायचा न्हाय. माझा बी असाच हुता. तीन वर्सं थांबलो, मंग काढलो. आता तांदळातला खडा दिसतोय बघ मला." मग तिनं हातानं दाखवलं, आंबा दाबून बघतात तसं. "कच्चा काढलास तर वाया जातंय सगळं."

मी स्वयंपाकघरात भांडी लावत होते. चिठ्ठी माझ्याकडं आली, मी वाचली. मोती आणि काच हे दोन वेगळे शब्द आहेत, एवढं कळायला विज्ञानाची पदवी लागत नाही. मला ते कळलं. मनात आलं की हे बघायला पाहिजे. मग मनात आलं की सहामाही झाली की बघू. मी ती चिठ्ठी कॅलेंडरच्या मागच्या खिळ्याला टोचून ठेवली. सहामाही झाली. दिवाळी झाली. नवीन कॅलेंडर आलं, ते जुन्याच्या वर लागलं, आणि चिठ्ठी दोन कॅलेंडरांच्या मागं गेली.

"पिकू दे" हा मग आमच्या घरातला परवलीचा शब्द झाला. आण्णा दाढी करताना आरशात डोळ्याची खालची पापणी ओढून बघायचे आणि मला विचारायचे, "पिकला असंल काय गं?" मी म्हणायची, "अजून नाही दिसत." मला तरी काय दिसणार होतं? त्यांची बाहुली काळीभोर, स्वच्छ. आत्तीच्या डोळ्यात आधी जी दुधासारखी पांढरट छटा आली होती, ती आण्णांच्या डोळ्यात कधी आलीच नाही. आम्ही तिची वाट बघत होतो. दूध चालूच होतं.

आता मागं वळून बघितलं की सगळं दिसतं. तेव्हाही दिसलंच होतं, फक्त मी त्याचा अर्थ माझ्या स्वभावाप्रमाणं लावला.

एकदा मी त्यांच्याबरोबर कट्ट्यावर गेले होते. गवळ्यानं ग्लास भरला आणि आण्णांच्या डाव्या बाजूनं पुढं केला. आण्णा समोर बघत उभे. गवळ्याचा हात तसाच. फेस खाली बसायला लागला. शेवटी त्यानं ग्लास त्यांच्या नाकासमोर आणला, तेव्हा त्यांनी तो घेतला. आण्णा बाजूला झाल्यावर गवळी मला हळूच म्हणाला, "आण्णा रागावल्यात काय आमच्यावर?" मीही तेच समजले. आमच्या आण्णांचा रुसवा पेठेत प्रसिद्ध आहे. एकदा न्हाव्याशी सहा महिने बोलले नव्हते. घरी जाताना मी त्यांना झापलं. म्हटलं, गरीब माणूस हात पुढं करून उभा आहे आणि तुम्ही बघत पण नाही. ते म्हणाले, "कुटं? मला तर दिसला न्हाय." मी म्हटलं, "दिसेल कसा, बघायचं असेल तर दिसेल." हे वाक्य मी वर्गात रोज वापरते.

मग त्यांच्या डाव्या हाताला, डाव्या खांद्याला निळे डाग दिसायला लागले. दाराची चौकट, उभ्या गाडीचा आरसा. मी म्हणायची, जरा हळू चाला. रेशमाचं बंडल डावीकडं ठेवलं की सापडेना, म्हणून त्यांनी सगळं सामान उजवीकडं मांडायला सुरुवात केली. कामात मात्र फरक नाही. मणी तसाच ओवायचे, गाठ तशीच बारीक. मोहरीएवढा मणी दिसणाऱ्या माणसाला हातभर अंतरावरचा ग्लास दिसत नाही, हे कुणाच्या डोक्यात येणार? आण्णांच्या नाही, गवळ्याच्या नाही. माझ्या यायला हवं होतं.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात एका संध्याकाळी त्यांचा फोन आला.

"मगाशी लाईट गेल्ती काय गं तुमच्याकडं?"

"नाही. का?"

"कट्ट्यावर हुतो. उजव्या डोळ्यात कचरा गेला म्हणून मिटून चोळला. तर समदं गेलं. म्हस बी दिसंना. हात काढला तर लाईट आली." मग म्हणाले, "न्हाय म्हणजे, तुमची गेली नसंल तर मंग माझीच गेली म्हणायची."

दुसऱ्या दिवशी शाळेत रजेचा अर्ज टाकून मी त्यांना राजारामपुरीतल्या डोळ्यांच्या डॉक्टरकडं नेलं. जाताना कॅलेंडरं वर करून चिठ्ठी काढली. खिळ्याच्या भोकाभोवती कागदाला गंज लागला होता.

तिथं नजरेचा परीघ तपासायचं एक यंत्र असतं. एका पांढऱ्या वाटोळ्या खोलगट भांड्यात डोकं घालून बसायचं, एक डोळा झाकायचा, समोरच्या ठिपक्यावरून नजर हलवायची नाही, आणि कडेला कुठंही बारीक दिवा चमकला की हातातलं बटण दाबायचं. आण्णांनी ती परीक्षा समजली. यंत्र टक्क टक्क आवाज करत होतं, आणि प्रत्येक आवाजाला आण्णा बटण दाबत होते. बाहेर आले ते छाती काढून. "एक बी सोडला न्हाय." तपासणाऱ्या बाईंनी कागद बघितला, माझ्याकडं बघितलं, आणि म्हणाल्या, "आजोबा, आवाजावर नको, दिसलं तरच दाबायचं." आण्णा परत बसले. या वेळी आवाज होत राहिले आणि त्यांचा अंगठा बराच वेळ हलला नाही. मी पाठीमागं उभी राहून तो अंगठा बघत होते. हाताच्या ज्या अंगठ्यानं त्यांनी हजारो गाठी ओढल्या, तो बटणावर नुसता ठेवलेला होता.

डॉक्टरबाई माझ्याच वयाच्या. त्यांनी दोन कागद समोर ठेवले. डाव्या डोळ्याचा कागद जवळजवळ सगळा काळा. उजव्याचा कडेनं काळा, मध्ये बांगडीएवढी पांढरी जागा. त्यांनी समजावून सांगितलं, की डोळ्यातला दाब वाढतो, मागची नस वाळत जाते, कडेचं आधी जातं आणि मधलं शेवटी. दुखत नाही, लाल होत नाही, म्हणून कळत नाही. गेलेलं परत येत नाही. राहिलेलं थेंब घालून टिकवायचं, दिवसातून दोनदा, जन्मभर.

आण्णा म्हणाले, "आमी पिकायची वाट बघत हुतो."

"मोतीबिंदूलासुद्धा आता कुणी तेवढं थांबत नाही, आजोबा. आणि काचबिंदू पिकत नाहीच. तो फक्त खातो."

"पर मणी दिसतोय की मला. बिनचष्म्याचा."

डॉक्टरबाईंनी आण्णांच्या चष्म्याचा नंबर काढलेला कागद बघितला. म्हणाल्या, "तुम्हाला पहिल्यापासून लांबचं जरा धूसर असणार. कधी तपासलं नाहीत. अशा डोळ्यांना म्हातारपणी जवळचं चष्म्याशिवाय दिसतं. जन्मतःच तशी ठेवण असते." मग कागद खाली ठेवत, "अशा डोळ्यांना काचबिंदूचा धोकाही जरा जास्त असतो."

म्हणजे ज्याचं सगळं श्रेय दुधाला दिलं होतं, ते दुधाचं नव्हतंच. ती डोळ्याची खोड होती. आण्णांनी हे ऐकून घेतलं. मग त्यांना विचारायचं होतं ते त्यांनी विचारलं. "मंग दूध सोडू काय?"

"कशाला सोडता? प्या की. मात्र तापवून प्या. दूध पोटाला चांगलं, हाडांना चांगलं. या आजाराचं त्याला काही देणंघेणं नाही. बरं करत नाही, वाईटही करत नाही."

आण्णांनी माझ्याकडं बघितलं. डॉक्टरबाईंनी ती चिठ्ठी उचलली, त्यावरची तारीख वाचली आणि मला विचारलं, "तुम्ही काय करता?"

"शिक्षिका आहे."

"विषय?"

"विज्ञान," मी म्हणाले.

त्यांनी चिठ्ठी सरळ करून फाइलमध्ये लावली आणि थेंबांची बाटली कशी धरायची ते मला दाखवायला लागल्या.

मला रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. रिक्षात आण्णा उजव्या बाजूनं बाहेर बघत बसले होते, मी त्यांच्या डावीकडं. त्यांच्या दृष्टीनं मी तिथं नव्हतेच. घरी आले, कुकर लावला, कोशिंबीर केली, दुसऱ्या दिवशी पहिल्या तासाला चुंबकत्व शिकवलं. दात काढताना सुई दिली की गाल आपला असून आपला राहत नाही, चावला तरी कळत नाही, तसं मला सगळ्या अंगाला झालं होतं. शाळेतल्या मैत्रिणी म्हणाल्या, किती खंबीर आहेस. मी खंबीर नव्हते. मला काही वाटत नव्हतं, आणि काही वाटत नाही याचंही काही वाटत नव्हतं. असे दिवस नाही, महिने गेले.

आत्तीला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "मला कुटं म्हाईत बिंदूत बी जाती असत्यात म्हणून." तिच्यावर राग काढायला मी फोन केला होता, पण राग पण येईना. तिला वाचता येत नव्हतं. मला येत होतं.

डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं की हा आजार घराण्यातून येतो, मुलांनीही तपासून घ्यायचं. मी गेले. त्याच भांड्यात डोकं घातलं, तेच बटण हातात घेतलं. आवाजावर दाबायचं नाही हे मला माहीत होतं, तरी अंगठा आवाजाला हलत होता. निकाल आला, सध्या काही नाही, दरवर्षी दाखवा. बरं वाटायला पाहिजे होतं. मी जिना उतरून खाली आले आणि भाजी घेतली.

सकाळचा थेंब आण्णा स्वतः घालतात. संध्याकाळचा मी. पण संध्याकाळी ते कट्ट्यावर असतात आणि दूध झाल्याशिवाय हलत नाहीत, म्हणून थेंब कट्ट्यावरच घालायचा ठरलं. तापवून पिण्याचं त्यांनी ऐकून सोडून दिलं. मीही त्यावर भांडले नाही. ते कट्ट्याच्या कडेला बसतात, मान मागं टाकतात, मी खालची पापणी ओढते आणि थेंब सोडते. आधी उजव्यात, मग डाव्यात. डाव्यात घालून आता फार काही हाती लागायचं नाही, पण त्या डोळ्याला वगळणं माझ्यानं होत नाही. गवळी बघत असतो. एकदा म्हणाला, "बाई, आता हितं दोन धारा सुरू झाल्या. एक म्हशीची, एक तुमची." लोक हसले. आण्णाही हसले. गवळी आता ग्लास त्यांच्या समोरूनच देतो, आणि देताना "आण्णा, ग्लास" असं म्हणतो. कुणी त्याला सांगितलं नव्हतं.

यंदा सातवीला तो धडा परत आला. मी तक्ता काढला. अ जीवनसत्त्व, दूध, लोणी, गाजर. दुसऱ्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. "बाई, आमच्या आजीला कमी दिसतंय. ती रोज दूध पिली तर दिसंल काय?"

वर्षापूर्वीची मी असते तर म्हणाले असते, हो, चांगलं असतं, बस खाली. मी खडू खाली ठेवला. तिला म्हटलं, आजीला आधी डॉक्टरला दाखवायचं. दूध प्यायचं ते प्यायचं, पण दाखवायचं आधी. मग फळ्याच्या उरलेल्या जागेत मी लिहिलं, "मोतीबिंदू आणि काचबिंदू वेगळे. काचबिंदू पिकत नाही." मुलांनी विचारलं, बाई, हे परीक्षेला आहे? मी म्हटलं, नाही. अर्ध्यांनी लिहून घेतलं नाही. त्या मुलीनं घेतलं.

त्या दिवशी मी कट्ट्यावर गेले ती ठरवूनच. आण्णांच्या उजव्या डोळ्याचा दुसऱ्यांदा काढलेला कागद तीन दिवसांपूर्वी आला होता. बांगडी तेवढीच होती. निदान लहान झाली नव्हती. थेंब घातले, ते डोळे मिटून बसले, मग उघडले. गवळी ग्लास भरत होता. मी म्हटलं, "आण्णा, त्या वेळी मी दुधाचं बोलले ना, ते अर्धं होतं."

"अर्धं म्हंजे?"

"ज्याला कमी पडतं त्याच्यासाठी ते. पुस्तकात तसंच आहे. तुम्हाला कमी नव्हतंच. मी पेपर तपासत होते, नीट सांगितलं नाही."

म्हैस शेपटी हलवत होती. मग त्यांनी विचारलं, "आन चिट्टी? चिट्टी वाचली हुतीस न्हवं तू?"

मला खोटं बोलता आलं असतं. "व्हय," मी म्हणाले. एरवी मी त्यांच्याशी शाळेतलीच भाषा बोलते, पण त्या वेळी तोंडातून व्हयच आलं.

"काचबिंदू म्हणून लिवलं हुतं."

"व्हय."

त्यांनी मान हलवली. उपरण्यानं डोळ्याच्या कोपऱ्यातलं पाणी टिपलं. थेंब घातल्यावर ते रोजच येतं. म्हणाले, "मी बी वाचलं हुतं की. चौथी शिकलोय मी. तुझी आत्ती आंब्याचं सांगत हुती तवाच मनात आलं, काच कधी पिकती व्हय?"

मी त्यांच्याकडं बघत राहिले.

"मंग बोलला का न्हाय तुमी?" मी विचारलं.

"भ्या वाटलं. डोळं गेलं तर गुजरीत कोन बसवून घेतंय? तू म्हणालीस दुधानं बरं असतंय. शिकल्याली पोरगी सांगती म्हटल्यावर दूध पीत ऱ्हायलो. तेवढंच बरं वाटलं." मग म्हणाले, "तुझी चूक न्हाय गं त्यात. मला ते आइकायचं हुतं, तू म्हणालीस."

तिथं मला काहीतरी वाटलं. नक्की काय ते मी अजून सांगू शकत नाही. सुईचा अंमल उतरायला लागला की गालात आधी दुखतं, तसं.

गवळ्यानं ग्लास दिला. "आण्णा, ग्लास." आण्णांनी तो घेतला, पण प्यायले नाहीत. "आज तू पी," ते म्हणाले. "मला ठाव हाय तुला आवडत न्हाय. पी तरी. डाक्टरीण काय बी म्हणू दे. तुझं तरी डोळं ऱ्हाऊ देत."

त्यांनी ग्लास पुढं केला. समोर, थोडा उजवीकडं. मी डाव्या बाजूला उभी होते. ग्लास धरलेला हात म्हशीच्या अंगाला लागेल इतका लांब गेला होता, आणि ते त्या रिकाम्या जागेकडं बघून म्हणत होते, "घे की."

मी दोन पावलं सरकले आणि ग्लास होता तिथं जाऊन उभी राहिले. म्हटलं, "द्या."

दूध कोमट होतं, आणि वास होता तोच होता. मी सगळं प्यायले.